जरा नजर फिरवा

लेखन-संपादनाची कामं घरी बसून करायला लागल्यावर मला कळलेली पहिली गोष्ट अशी, की महाराष्ट्रात कुणालाच संपादन करून नको असतं. नुसती नजर फिरवून हवी असते. ‘तसं सगळं झालेलंच आहे हो, तुम्ही फक्त जरा नजर फिरवा,’ असं म्हणून माणूस जे समोर ठेवतो, तो कधी पीएचडीचा प्रबंध असतो, कधी घराण्याचा कुलवृत्तान्त, कधी पतसंस्थेचा वार्षिक अहवाल. संपादन म्हटलं की दर ठरवणं आलं, फॉर्मे मोजणं आलं, आगाऊ रक्कम आली. नजरेचं तसं नाही. नजर काय, असतेच माणसाजवळ. इकडून तिकडे फिरवली म्हणून झिजते थोडीच!

तशी ती रस्त्यानं जातानाही फिरते म्हणा. चौकातल्या फ्लेक्सवर ‘भावपूर्ण श्रध्दांजली’ दिसलं, की फोटोतल्या गृहस्थांबद्दल हळहळ वाटायच्या आत मला द आणि ध यांची अदलाबदल दिसते. माणूस गेल्याचं दुःख घरच्यांना. ध भलत्या जागी गेल्याचं मला. अशी नजर घेऊन लग्नाच्या पंगतीला, देवळात, डॉक्टरांकडे, कुठंही सुखानं बसता येत नाही. आमच्या डॉक्टरांच्या भिंतीवर ‘कृपया शांतता राखा’ मधला ‘कृपया’ दीर्घ ‘कॄ’ नं सुरू होतो. माझं ब्लडप्रेशर त्या भिंतीसमोर बसूनच मोजतात.

नोकरी सोडली तेव्हा मी एका दैनिकाच्या पुरवणी विभागात होतो. विष्णुशास्त्री चिपळूणकरांनी १८७९ मध्ये सरकारी नोकरीची रुप्याची बेडी तोडली आणि १ जानेवारी १८८० ला न्यू इंग्लिश स्कूल सुरू केलं, हे मी निरोपाच्या भाषणात मोठ्या आवेशात सांगितलं. टाळ्या पडल्या. शास्त्रीबुवांनी बेडी तोडल्यावर घराचा हप्ता कशातून भरला, असं तिथं कुणी विचारलं नाही. ते घरी आल्यावर बायकोनं विचारलं.

आम्ही डोंबिवलीकर. इथल्या पुरुषानं सकाळी आठच्या आत स्टेशनाकडे धाव घ्यायची आणि रात्री आठनंतर भाजीची पिशवी घेऊन परतायचं, हा सृष्टिक्रम. त्यात भर दुपारी गॅलरीत बनियन वाळत घालणारा धडधाकट माणूस दिसला, की लोक आधी आवाज खाली आणतात. समोरच्या काकूंनी माझ्या बायकोला जिन्यात गाठून ‘ह्यांनी काही मनाला लावून घेतलंय का?’ असं विचारलं. ‘नाही, ते घरून काम करतात,’ यावर काकूंनी तिच्या खांद्यावर हात ठेवला. धीर देताना ठेवतात, तसा.

मग हळूहळू विंगला माझा उपयोग सापडला. दोन्ही जिन्यांची कुरिअर माझ्याकडे यायला लागली. गॅस सिलिंडरचे पैसे, इस्त्रीचे कपडे, शाळेतून लवकर सुटलेली मुलं, ‘प्लंबर येईल, जरा किल्ली द्या’ म्हणून ठेवलेल्या किल्ल्या. माझ्या टेबलावर कोशांपेक्षा किल्ल्या जास्त. बायको सकाळी निघताना ‘तू घरीच आहेस ना?’ म्हणते, तेव्हा तो प्रश्न नसून कामाचं वाटप असतं, हे मला कळायला फार वेळ लागला नाही.

सेक्रेटरी मात्र गुणग्राहक निघाले. सोसायटीच्या नोटिसा त्यांनी माझ्याकडे आणायला सुरुवात केली. पहिल्याच नोटिशीत वाक्य होतं : ‘सर्व सभासदांना कळविण्यात येते की त्यांनी आपल्या कुत्र्यांसह जिन्यात घाण करू नये.’ मी म्हटलं, ‘साहेब, यातून भलताच अर्थ निघतोय. सभासद आणि कुत्रा दोघंही मिळून...’

‘राहू द्या तसंच,’ ते म्हणाले. ‘दुसऱ्या मजल्याला उद्देशून आहे.’

नोटिसांचं एक बरं, त्यांना नातेवाईक नसतात. खरी कसोटी लग्नपत्रिकेची. पत्रिकेत क्रियापद एक आणि कर्ते चाळीस. ‘श्रीकृपेकरून’ पासून ‘आपले विनम्र’ पर्यंत व्याकरणाचा प्रश्न कुठंच येत नाही, सगळा प्रश्न क्रमाचा. मोठ्या काकांच्या आधी मधल्या काकांचं नाव आलं तर गावाकडच्या जमिनीचा जुना वाद पुन्हा कोर्टात जाऊ शकतो. आत्या वरच्या ओळीत की मामा, मामांना कोकणातून आणायला गाडी कुणाची, ‘आमच्या काकाच्या लग्नाला यायचं हं!’ असं म्हणणाऱ्या बालगोपाळांमध्ये मांडीवरचं घ्यायचं की नाही, असे विषय पत्रिकेवर नजर फिरवणाऱ्याच्या वाट्याला येतात. तिसऱ्या मजल्यावरच्या मुलीच्या पत्रिकेचं प्रूफ माझ्याकडे आलं तेव्हा घरात मोठ्या काकांच्या नावाच्या टाइपावरून दोन तट पडले होते. मी वाचत गेलो. कै. आजींच्या नावाची ओळ तुटली होती आणि ‘कै.’ तेवढं वर सरकून शेजारच्या आजोबांच्या नावाला चिकटलं होतं. आजोबा समोर सोफ्यावर बसून चकली खात होते. प्रूफ सगळ्यांनी पाहिलं होतं. प्रत्येकानं आपापलं नाव पाहिलं होतं. मी आजोबांचं ‘कै.’ काढलं, त्याबद्दल आजोबांनी स्वतः उठून मला पेढा दिला. त्या वर्षी वेळेवर मिळालेलं माझं ते एकमेव मानधन.

मानधनाचा विषय निघालाच आहे तर तो उरकून टाकतो. तो लांबवण्याचं काम करायला इतर लोक आहेत. का. र. मित्रांनी १९०९ मध्ये ‘मनोरंजन’चा पहिला दिवाळी अंक काढला, तेव्हापासून आपल्याकडे लेखकाचा हंगाम ठरून गेला. उन्हाळ्यात विषय ठरतात, पावसाळ्यात ‘उद्या शेवटचा फॉर्म मशीनवर चढतोय’ असे फोन येतात, दिवाळीत अंक येतो आणि त्यानंतर संपादकांचा फोन लागेनासा होतो. ‘चेक तयार आहे, सहीला गेलाय.’ सही करणारे गावाला गेलेले असतात. ते परततात तेव्हा अकाउंटच्या ताई रजेवर. ताई येतात तोवर मार्च एण्ड. हे लोक खोटं बोलत नाहीत, एवढंच. यातली प्रत्येक गोष्ट वेगवेगळी खरी असते.

माझं सगळ्यात चांगलं गद्य मी वसुलीच्या मेसेजमध्ये खर्च केलेलं आहे. ‘नमस्कार सर, सहजच आठवण आली,’ हा त्याचा पहिला खर्डा. दुसऱ्यात सरांच्या तब्येतीची चौकशी. तिसऱ्यात अंकाच्या मुखपृष्ठाची स्तुती, आणि स्तुतीच्या पोटात, वाचणाऱ्याला टोचणार नाही पण लागेल अशा बेतानं, बँकेचा खातेक्रमांक. लेखाला मी दोन खर्डे करतो, या मेसेजला पाच. एकदा एका प्रकाशकांनी उत्तरादाखल लिहिलं, ‘किती छान लिहिता हो तुम्ही!’ पैसे नाही आले. एका स्मरणिकेचं काम आलं.

‘सत्यकथा’ मासिकाच्या काळात श्री. पु. भागवत आणि राम पटवर्धन या संपादकांच्या पत्राची लेखक वाट बघत असत. कथा परत आली तरी पत्र जपून ठेवत. ‘सत्यकथा’ १९८२ मध्ये बंद पडलं. आता वाट संपादक बघतो.

आयकराचं सांगायचं तर एखाद्या संस्थेनं वर्षात ५० हजारांच्या वर व्यावसायिक शुल्क दिलं, की त्यातून दहा टक्के टीडीएस कापतात. माझी बहुतेक कामं या रेषेच्या खाली, सुरक्षित अंतरावर राहतात. एकदा एका कंपनीतल्या तरुण मुलीनं फोनवर ‘सर, तुमचा जीएसटी नंबर?’ असं विचारलं. सेवा देणाऱ्याला त्याची नोंदणी वर्षाची उलाढाल २० लाखांच्या वर गेल्यावर लागते. तिनं मला त्या वर्गात धरलं, याचा आनंद मला संध्याकाळपर्यंत पुरला. बँकेत मात्र उलट. गृहकर्जाच्या टेबलावरच्या साहेबांनी विचारलं, ‘सॅलरी स्लिप?’ मी म्हटलं, मी स्वतंत्र लेखक-संपादक आहे. ‘ते ठीक आहे, पण करता काय?’ मी सोबत नेलेली, मी संपादित केलेली तीन पुस्तकं टेबलावर ठेवली. त्यांनी तिन्ही चाळली, आत कुठं माझं नाव दिसतंय का ते बघितलं, आणि बायकोची सॅलरी स्लिप मागितली.

अलीकडे नवीन एक वर्ग आला आहे. ‘एआयकडून लिहून घेतलंय, तुम्ही फक्त जरा माणसासारखं करून द्या.’ हे लेख ‘आजच्या धावपळीच्या युगात’ असे निघतात आणि तिसऱ्या ओळीत ‘हा केवळ पदार्थ नसून एक भावना आहे’ या मुक्कामाला येतात. परवाचा होता थालीपिठावर. ज्यानं लिहिला त्याला तोंड नाही आणि ज्याच्या नावावर छापायचा त्याला भाजणी माहीत नाही. मी ‘भावना’ काढून तिथं काकडी घातली. एक कबूल करायला हवं, यंत्राला चूक दाखवली की ते तत्काळ माफी मागतं. मराठी लेखक तसं करत नाही. मराठी लेखक नियम काढतो.

आणि नियम आपल्याकडे भरपूर. साहित्य महामंडळाचे १४ नियम शासनानं १९६२ मध्ये मान्य केले, १९७२ मध्ये आणखी चार आले, मिळून झाले १८. ‘श’ आणि ‘ल’ कसे काढावेत यासाठीही २००९ मध्ये शासननिर्णय निघाला. तेव्हा ‘हे तुम्ही ऱ्हस्व का केलंत?’ असं विचारणाऱ्याला मी नियम दाखवतो. तो मला त्याच्या हायस्कुलातल्या मास्तरांचं नाव सांगतो. मास्तर नेहमी कडक असतात आणि नेहमी वारलेले असतात, त्यामुळे खातरजमा करता येत नाही.

पाटबंधारे खात्यातून कार्यकारी अभियंता म्हणून निवृत्त झालेले एक साहेब माझ्याकडे आत्मचरित्र घेऊन आले, त्यांचं गाऱ्हाणं तर थेट १९६२ चंच होतं. ते तेव्हा बारा वर्षांचे. न उच्चारले जाणारे अनुस्वार सरकारनं काढून टाकले ते साहेबांच्या वहीतून गेले, मनातून गेले नाहीत. ‘कांहीं’, ‘नाहीं’, ‘तेथें’. मी ते टिंब पुसायचं, त्यांनी परत द्यायचं. ‘एवढं लहान टिंब, तुम्हाला काय जड होतंय?’ सहाशे चाळीस पानं. टिंबांचं वजन मला अंदाजे सांगता आलं असतं.

साहेबांचा जन्म पान ७१ वर होतो. त्याआधी घराणं कोकणातून घाटावर कसं आलं ते, बैलांच्या नावांसह. मग साहेब १९७२ च्या दुष्काळात खात्यात चिकटतात, आणि इथं मी चमकलो. खडी फोडणाऱ्या बायका, सुकडीची रांग, हजेरीपटावर उमटलेले अंगठे, एकाच अंगठ्याची दोन नावांवर हजेरी लावणारा मुकादम : पन्नासेक पानं अशी लिहिलेली, की मी त्यांत कुठंही पेन टेकवलं नाही. आयुष्यात पहिल्यांदा मी खरोखरच नुसती नजर फिरवली. त्यानंतर मात्र धरण आलं. ते पुढची चारशे पानं भरत राहिलं. प्रत्येक बदलीच्या हुकुमाचा जावक क्रमांक, प्रत्येक टेंडरची रक्कम आणि शेवटी निवृत्तीच्या समारंभाला हजर असलेल्या ११२ जणांची हुद्द्यांसकट यादी.

‘साहेब, ही यादी काढू या का? वाचकाला यात...’

‘हेच वाचक आहेत,’ साहेब म्हणाले. ‘नाव नसेल तर विकत कोण घेईल?’

पाचशेच्या आवृत्तीत ११२ गिऱ्हाइकं हमखास! मराठी प्रकाशनव्यवसायाचं इतकं नेमकं गणित मला कुठल्याही प्रकाशकानं सांगितलं नव्हतं. यादी राहिली.

पैशाच्या बाबतीत साहेब सचोटीचे, पण खात्याचे. फॉर्म्याचा दर त्यांनी मान्य केला, आगाऊ रक्कम मात्र ‘नियमात बसत नाही’. काम पुढं सरकेल तसं मोजमाप घेऊन रनिंग बिल. शिवाय शेवटच्या बिलातून अनामत राखून ठेवणार. पुस्तक निघाल्यापासून एक वर्षाचा दोषदायित्व कालावधी, त्यात मुद्रणदोष सापडला तर दुरुस्ती माझ्या खर्चानं. ‘छापलेल्या पुस्तकात दुरुस्ती कशी करणार, साहेब?’ ‘तो ठेकेदाराचा प्रश्न,’ ते म्हणाले.

तर पान ३०८. ‘दि. १४ मे १९७८ रोजी माझा विवाह झाला. त्याच महिन्यात सांडव्याच्या कामास तांत्रिक मान्यता मिळाली.’ पुढची सात पानं तांत्रिक मान्यता. मी त्यांच्या दिवाणखान्यात लॅपटॉप उघडून बसलो होतो. म्हटलं, ‘साहेब, इथं काकूंविषयी आणखी थोडं यायला हवं.’

‘लिहिलंय की. तारखेसकट.’

काकू तेवढ्यात पोह्यांच्या बशा घेऊन बाहेर आल्या. ‘काय शोधताय?’

‘तुमचं नाव.’

‘मिळालं का?’

मी फाइलमध्ये शोध देऊन पाहिला. धरणाचं नाव चारशेच्या वर वेळा. काकूंचं नाव शून्य. ‘सौ.’ दोनदा, त्यातली एक सौ. अधीक्षक अभियंत्यांची. मी काही बोललो नाही, पण काकूंनी स्क्रीनकडे पाहिलं आणि चष्मा वर केला. रागावल्या नाहीत. बशी साहेबांच्या पुढ्यात ठेवून म्हणाल्या, ‘धरणाच्या कॉलनीत प्यायचं पाणी टँकरनं यायचं, ते लिहिलंय का ह्यांनी?’

नव्हतं लिहिलेलं. ‘टँकर नव्हता,’ साहेब म्हणाले, ‘बैलगाडीवरचं टिपाड होतं.’

‘आधी टिपाड. मग टँकर. तुम्ही साइटवर असायचात.’

मी टाइप करायला लागलो. समोर एवढं मोठं धरण भरत होतं आणि क्वार्टर्समधल्या बायका टिपाडापुढे कळश्यांची रांग लावून उभ्या होत्या. थोरल्याची शाळा बदल्यांपायी चार गावांत झाली. मोरीत निघालेला साप मारायला शिपाई घाबरला, तो काकूंनी पेटाऱ्याच्या झाकणाखाली दाबून ठेवला आणि झाकणावर बसून पोरीला दूध पाजलं. एका दिवाळीला ठेकेदाराचा माणूस मिठाईचा डबा घेऊन आला. डबा जड लागला म्हणून उघडून पाहिला, तर काजूकतलीखाली चांदीचं ताट. काकूंनी वरची काजूकतली कॉलनीतल्या पोरांना वाटली आणि ताट त्याच माणसाच्या सायकलला बांधून परत पाठवलं.

‘हे मला माहीत नव्हतं,’ साहेब म्हणाले.

‘सांगितलं असतं तर तुम्ही काजूकतलीसुद्धा परत करायला लावली असती.’

साहेबांनी थोडा वेळ पोहे खाल्ले. मग मला म्हणाले, ‘घ्या. पण ताट किती ग्रॅमचं होतं ते विचारून घ्या.’

प्रकाशन समारंभात प्रमुख पाहुण्यांनी नेमका तोच मजकूर वाचून दाखवला आणि ‘अभियंत्याच्या लेखणीत इतका जिव्हाळा येतो कुठून?’ असं विचारलं. साहेबांनी मान लववली. पहिल्या रांगेत काकू पदराच्या टोकानं चष्मा पुसत होत्या. आभार मानताना छापखाना, डीटीपी, मुखपृष्ठकार, सभागृहाचे व्यवस्थापक आणि वड्या पुरवणाऱ्या बचतगटाच्या ताई आल्या. मग ‘ज्यांनी हस्तलिखितावरून नजर फिरवली ते’ मी.

पुढच्याच आठवड्यात दारावरची बेल वाजली. कुरिअर असेल म्हणून मी पेन घेऊनच उघडलं. काकू होत्या, आणि मागं रिक्षावाला दोन भरगच्च पिशव्या घेऊन. पिशव्यांत वह्या. लग्नापासूनचा रोजचा हिशेब : दूध, रॉकेल, बांगड्या, थोरल्याची फी. आणि जवळजवळ रोज, समासात, पेन्सिलीनं एखादी ओळ. ‘आज ठेकेदार आला. ह्यांचा पारा चढला.’ ‘पोरगी पहिल्यांदा सरळ चालली, थेट उंबऱ्यापर्यंत.’ ‘रॉकेल नाही. साहेब लोकांच्या घरी आहे म्हणे. आपण साहेब लोक नाही वाटतं.’

मी उभ्या उभ्याच वाचत राहिलो. काकू खुर्चीत बसल्या, पाणी प्यायल्या.

‘याचं पुस्तक होईल का?’

‘होईल की, काकू.’

‘मग नीट बघा. काय काढायचं ते काढा, मला विचारत बसू नका. दोनशे पानांच्या वर नको. लोकांना कामं असतात.’ त्यांनी पर्समधून पाकीट काढून टेबलावरच्या किल्ल्यांमध्ये ठेवलं. ‘हे आगाऊ. मोजून घ्या.’

मी मोजायला लागलो, तसा त्यांनी पाकिटावर हात ठेवला.

‘थांबा. ह्यांना काय दर लावला होता तुम्ही?’

मी सांगितला.

‘मला त्यापेक्षा कमी लावा,’ काकू म्हणाल्या. ‘माझ्यात धरणं नाहीत.’